न्हाणीघरातली दुसरी थापी

भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्यांचा मला लहानपणापासून वैताग. आमच्या औंढ्यात कुणी ओढ्याकाठी काही दिसलं म्हणून सांगायला लागला, की मी विचारायचो, "किती प्याला होतास?" त्यावरून दोनदा मारामारी व्हायची राहिली. मी गवंडी माणूस. ओळंबा सोडला की भिंत सरळ का वाकडी ते कळतं, त्याला अंगारे-धुपारे लागत नाहीत. तेव्हा हे वाचून कुणी मला हसलं तर हसू दे बापडं... मीही हसलोच असतो.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची गोष्ट. लोणावळ्यात वळवणच्या रस्त्याला एक लहानसं माडीचं घर होतं. तिथं एक बाई एकट्या राहायच्या. पुण्यात मुलींच्या शाळेत जन्मभर शिकवून निवृत्त झालेल्या, त्यामुळे सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. संधिवातानं बोटं पार वाकडी झालेली. तांब्यासुद्धा उचलत नव्हता. अंघोळ घालायला एक मोलकरीण यायची, आणि ते बाईंच्या अगदी जिवावर यायचं. "या वयात दुसऱ्यापुढे उघडं बसायचं? मला नाही हो सोसत," असं त्या मला, एका परक्या गवंड्याला, सरळ म्हणाल्या होत्या. म्हणून त्यांनी माडीवरच्या न्हाणीघरात शॉवर बसवून घ्यायचं ठरवलं. वर टाकी, खाली साखळी. साखळीला मनगट अडकवून ओढलं की डोक्यावर फवारा.

आता तांब्यानं अंघोळ करणारा माणूस दगडावर बसतो, पाणी एका जागी पडतं. फवाऱ्याचं पाणी चारी भिंतींवर उडतं. म्हणजे अख्खी जमीन पाणीबंद पाहिजे. त्यात खाली स्वयंपाकघर! ते काम माझ्याकडे आलं, आणि मी ते दोनदा नासवलं.

पहिल्यांदा खाली चुलीवर थेंब पडले. सगळं उकरून पुन्हा केलं, तर दुसऱ्यांदा थेंब सरळ आमटीच्या वाटीत! बाईंचा मुंबईचा भाचा नेमका तेव्हाच जेवायला बसलेला. तो ताडकन उठला.

"आत्या, पुरे झालं हे एकटं राहणं. मी महिन्यानं येतो. तेव्हाही गळत असलं तर घराला कुलूप, आणि तुम्ही माझ्याबरोबर दादरला. दोन खोल्यांत आम्ही सात आहोत, त्यात तुम्ही आठव्या."

जन्मभर वर्गापुढे बोललेली बाई, आणि नुसती ताटाकडे बघत राहिली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कारण चूक माझी होती, आणि ती मी लपवत होतो.

ती सांगतो. फरशीच्या खाली कोबा असतो. विटांचे तुकडे चुन्यात कालवून, मोरीकडे उतार देऊन अंथरायचे, आणि गुळा-हिरड्याचं पाणी शिंपडत लाकडी थापीनं चोपायचं. दिवसच्या दिवस. किती चोपायचं त्याला माप नाही. आधी आवाज भद्द येतो, ओल्या पोत्यावर मारल्यासारखा. चुना आवळत गेला की आवाज चढतो, आणि शेवटी खणखणीत लागतो. तो लागेपर्यंत थांबायचं नाही. थोडक्यात, हे कानाचं काम.

माझा कान म्हणजे माझी बायको, अनसू. बाया रांगेनं चोपत बसायच्या, आणि ही मधेच थापी उचलून म्हणायची, "अवं, हितं अजून कच्चं हाय." मी वाद घालायचो, तू गवंडी का मी गवंडी म्हणून. निघायचं तिचंच खरं. आदल्या वर्षी दोघंही तापानं पडलो. मी उठलो, ती उठली नाही. मी उठलो तो कान गमावून. कानाशी तोंड आणून ओरडलं तर काही अर्धंमुर्धं कळे, बाकी शून्य. पण बहिऱ्या गवंड्याला काम कोण देणार? मी कुणाला पत्ता लागू दिला नाही. लोकांच्या ओठांवरून बोलणं ओळखायचं, मान डोलवायची, आणि कोबा चोपायचा अंदाजानं. तीन दिवस झाले की बास. हे तीन दिवस कुठल्या शास्त्रात लिहिलेत? कुठल्याच नाही!

तिसऱ्या खेपेला मी एकटाच होतो. भाताची झोडणी चालू होती, त्यामुळे सगळ्या बाया खळ्यावर, असं मी बाईंना सांगितलं. खरं म्हणजे बोलावल्या असत्या तर दोघी-तिघी आल्या असत्या. पण त्यांच्यापुढे माझं बिंग फुटलं असतं. एवढी घमेंड! बाईंचं घर हातातून चाललं होतं आणि मी माझी अब्रू झाकत बसलो होतो.

त्या खोलीतले ते दिवस अजून आठवतात. थापी खाली यायची, मनगटाला हिसका बसायचा, आणि आवाज नाही. बायको गेली की घर सुनं होतं म्हणतात, माझं तर सगळं जगच मुकं झालं होतं. मी चोपता चोपता अनसूशी मोठमोठ्यानं बोलायचो. उत्तर येत नाही म्हणजे मलाच ऐकू येत नसेल, अशी स्वतःची समजूत घालायची. वेडेपणाच तो, पण एकटा माणूस काय काय करतो ते एकट्यालाच ठाऊक.

चौथ्या दिवशी दुपारी मी ठरवलं, झालं आता. थापी धुतली, बादली उचलली, दाराकडे वळलो... आणि पाठीमागून आवाज आला.

भद्द. भद्द. भद्द.

माझ्या हातातली बादली निसटून दगडी उंबऱ्यावर पडली. तिचा आवाज मला आला नाही. हे लक्षात घ्या! पायाशी बादली आदळली ती ऐकू आली नाही, आणि थापी मात्र ऐकू येत होती. आवाज मोरीच्या डाव्या कोपऱ्यातून येत होता. तिथं कुणी नव्हतं. खिडकीतून लख्ख ऊन आलेलं, लपायला जागा नाही. तीन ठोके, जरासा खंड, पुन्हा तीन ठोके. तो खंड मी ओळखला. हातातल्या बांगड्या खाली यायच्या, त्या वर सारायला अनसू तेवढी थांबायची.

घाबरलो का? खोटं कशाला बोलू, नाही घाबरलो. मला रडू आलं. मी तसाच गुडघ्यावर बसलो आणि त्या कोपऱ्यात चोपायला लागलो. माझा ठोका मला मुका, आणि माझ्या दोन ठोक्यांच्या मधे तिचा. हळूहळू तो आवाज चढला, खणखणीत लागला, आणि मग हातभर पुढे सरकून पुन्हा भद्द. म्हणजे तिथंही कच्चंच! मी पुढे सरकलो. "अनसे, अगं थांब की जरा! बोल की काहीतरी!" मी ओरडत होतो. ती थांबली नाही, बोललीही नाही. सगळी जमीन, कोपरान् कोपरा, तिनं माझ्याकडून चोपून घेतली. दोनेक तास तरी गेले असतील. शेवटी उंबऱ्यापाशी आवाज खणखणला आणि बंद झाला.

मग दारात रामाआबा आले. हे बाईंचे म्हातारे माळी, सुदुंबऱ्याचे. त्यांच्या हातात चहाचे दोन कप. त्यांनी खोलीभर नजर फिरवली आणि माझ्यासमोर येऊन विचारलं, "दुसरी कुटं गेली रं?"

"कोण दुसरी, आबा?"

"आरं, बाई आन् मी कवाधरनं ऐकतुया खालनं. दोन थाप्या चाललत्या की! एक तुजी दणकट, आन् एक हलक्या हाताची. बाई म्हनल्या, मिस्त्रीनं घरचं मानूस आनलं जनू, दोगास्नी बी च्या दे."

माडीवर यायला जिना एकच, तोही स्वयंपाकघरातून. वर कुणी आलं नव्हतं, खाली कुणी गेलं नव्हतं.

मी खाली जाऊन बाईंना सगळं सांगितलं, कान गेल्याचंसुद्धा. थापीचं त्यांनी ऐकून सोडून दिलं. कानाबद्दल मात्र भडकल्या. पाटी मागवली आणि वाकड्या बोटांत पेन्सिल कशीबशी धरून लिहिलं, 'आधी सांगितलं असतंत तर मी बसून ऐकलं असतं.' मला वाचता येत होतं तेवढं.

पुढे शहाबादी फरशी बसवली, सांधे भरले. मोरीचं तोंड चिंध्या-मातीनं बुजवून खोलीत चार बोटं पाणी कोंडलं. तीन दिवस ठेवलं. खाली एक थेंब नाही. भाचा आला, स्टुलावर चढून त्यानं स्वयंपाकघराच्या छताला सगळीकडे हात लावून बघितलं. कोरडं ठणठणीत! तो एकटाच दादरला परत गेला. दुसऱ्या दिवशी बाईंनी न्हाणीघराचं दार आतून लावून घेतलं आणि एकट्यानं अंघोळ केली. बाहेर आल्या तेव्हा डोळे लाल झाले होते, पण मान ताठ. त्या शेवटपर्यंत त्याच घरात राहिल्या. ती जमीन पुन्हा कधी गळली नाही.

मी बऱ्याच जणांना विचारलं. एक डॉक्टर म्हणाले, कान गेलेल्यांना कधी कधी भास होतात. बरं, मानलं. पण बाईंचे कान शाबूत होते, रामाआबांचेही. बाई म्हणायच्या, भिंतींचा प्रतिध्वनी असेल. मग आधीच्या तीन दिवसांत तो का नव्हता? मला आजतागायत काही उलगडलेलं नाही. त्यानंतर मी जन्मभर कोबे घातले, कान म्हणून कुणी ना कुणी शेजारी बसवूनच घातले. ती थापी पुन्हा कधी आली नाही.

ती अनसूच असेल, तर माझं तिच्याशी एक भांडण आहे. बारा वर्षांचा आमचा संसार. दुसऱ्याच्या घरातली जमीन कच्ची आहे म्हणून ती एवढ्या लांबून आली, दोन तास माझ्याशेजारी राबली. मी हाकांवर हाका मारत होतो. एकदा, नुसतं एकदा 'अवं' म्हणाली असती तर तिचं काय जात होतं? तेवढा वेळ मला ऐकू येत होतं.