परसातला फौजी ट्रक

आमच्या परसात फौजी ट्रक आला तो बैलांनी ओढून. आमच्या बेंबळीतल्या एका लिंगायत अडत्यानं तो लष्करी भंगाराच्या लिलावातून उचलला होता. माझ्या मालकांना म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही उभा करा. चालला की अर्धा तुमचा." निजामी राज्य गेलं तशी मालकांची सरकारी मोटारखान्यातली नोकरीही गेली होती. विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करून ते कसंबसं घर चालवत होते. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

मला आठवतो तो सासूबाईंचा चेहरा. आम्ही त्यांना अम्मा म्हणायचो. ट्रक चिंचेखाली लावत होते तेव्हा त्या दारात आल्या, चौकट धरून उभ्या राहिल्या आणि आत गेल्या.

माझे थोरले दीर निजामाच्या फौजेत असाच ट्रक चालवायचे. मी त्यांना पाहिलेलं नाही. माझं लग्न नंतरचं. पोलीस ॲक्शनच्या ऐन धामधुमीत ते गावावरून गेले, दारापुढं गाडी थांबवली, पण इंजिन बंद केलं नाही. खाली न उतरताच अम्मांच्या हातचं पाणी प्यायले, "ईदला येतो" म्हणाले आणि गेले. त्यानंतर त्यांची खबर नाही. कुणी म्हणे हैदराबादेत दिसले, कुणी म्हणे कराचीला गेले. घरात कुणी त्यांचं नावही काढत नसे.

ट्रकचं इंजिन गंजून जाम झालेलं होतं. मालकांनी त्यात घासलेट ओतून ते कितीतरी दिवस तसंच मुरत ठेवलं. सुटे भाग मिळत नव्हते. पाण्याच्या पंपाला चामड्याची चकती चांभाराकडून कापून आणली. स्प्रिंगचा तुटलेला पाटा लोहारानं भट्टीत तापवून जोडून दिला. मी नट-बोल्ट धुवायची, फडक्यावर ओळीनं मांडायची. माझ्या हाताच्या भाकरीला घासलेटचा वास येतो म्हणून अम्मा कुरकुरायच्या. तेवढंच त्या बोलत. बाकी त्यांचं जेवण तुटलं होतं. ताटात भाकरी चिवडून उठायच्या.

एका दुपारी मालकांनी पुढून हँडल मारलं, मी कार्बोरेटरमध्ये पेट्रोलचे थेंब सोडले आणि इंजिन एकदम धडधडायला लागलं. धुरानं चिंच दिसेना. आनंदानं मी ओरडणार, तोच अम्मा अनवाणी धावत आल्या. हातात पाण्यानं भरलेला तांब्या. तो त्यांनी केबिनच्या दिशेनं वर धरला. आत कुणीच नव्हतं.

"गाडी आली की," त्या म्हणाल्या. "तो कुठं उतरला?"

मालक हँडल हातात धरून तसेच उभे. मला वाटलं, आता सांगतील. पण ते म्हणाले, "येतोय मागनं, अम्मा."

त्या संध्याकाळी अम्मा पोटभर जेवल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ट्रकची केबिन पुसायला घेतली. सीटच्या स्प्रिंगा वर आल्या होत्या, तर जुन्या वाकळा फाडून गादी शिवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, थोरल्याची गाडी आहे. लोक हसायचे नाहीत, मान खाली घालून पुढं जायचे. मला मात्र धास्ती बसली.

"हे बरं न्हाय," मी मालकांना म्हणाले. "उद्या त्या विचारतील, अजून कसा आला न्हाय? मग?"

"जेवत्यात ना? झोपत्यात ना?"

"व्हय. पण कशाच्या जोरावर?"

ते चिडून उठले आणि ट्रकखाली जाऊन पडले. नीट केलेले ब्रेक पुन्हा खोलले. माझ्या लक्षात आलं, ट्रक पुरा होऊच नये असं त्यांना वाटतंय. तो रस्त्यावर गेला की त्यांचं बोलणं उघडं पडणार होतं. इकडं अडत्या घाई करत होता. सुगी आली होती. "मिस्त्री, खळ्यावर ज्वारीची पोती पडल्यात, आणखी किती खोलणार?"

शेवटी चालवून बघायचा दिवस उगवला. अम्मांनी सकाळीच आंघोळ केली, धुवट लुगडं नेसल्या. मांडीवर गाठोडं घेऊन आमच्या आधीच केबिनमध्ये बसल्या. गाठोड्यात भाकरी होती आणि दिरांचा एक सदरा. "चल," मुलाला म्हणाल्या. "त्याचं येणं होत न्हाय तर आपणच जाऊ."

मालकांनी गाडी धाराशिवच्या रस्त्याला घेतली. मी अम्मांच्या शेजारी. एका चढावर रेडिएटर उकळला, वाफ उसळली आणि गाडी थांबवावी लागली. आजूबाजूला उघडं माळरान.

अम्मांनी बाहेर पाहिलं. "इथं उतरला का तो?"

मालकांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं. "अम्मा, भाईजान येणार न्हाईत. ही गाडी त्यांची न्हाय. म्या खोटं बोललो."

अम्मा रडल्या नाहीत. गाठोडं घेऊन खाली उतरल्या आणि बेंबळीच्या दिशेनं चालू लागल्या. मी मागं धावले. हात धरू दिला नाही. गाडी थंड झाल्यावर मालक पाणी घालून ती वळवून आले आणि आमच्या मागून, माणसाच्या चालीनं चालवू लागले. अम्मा गर्रकन वळल्या.

"बंद कर ती!"

मालकांनी ट्रक रस्त्यातच सोडला. आम्ही तिघं चालत घरी आलो. पुढं अम्मा, मध्ये मी, मागं ते.

ट्रक मालकांनी रात्री आणून वेशीबाहेर लावला. त्यानंतर अम्मा मुलाशी बोलेनाशा झाल्या. दिसायला त्या होत्या तशाच होत्या, पण चालणं एकदम म्हाताऱ्या बाईचं झालं. बरेच दिवस गेले. मग एका जुम्म्याला त्या मला म्हणाल्या, "मौलवीसाहेबांना सांगून ठेव. थोरल्याचा फातिहा पढायचा."

गेलेल्या माणसासाठी पढतात तो फातिहा झाला. अडत्याही आला होता. ओट्यावर बसून होता. जाताना म्हणाला, "मिस्त्री, ट्रक माझ्या वखारीमागं ठेवा. तिथंच बघा त्याचं काय असेल ते." ट्रक मग तिकडंच राहिला. त्यानं पुष्कळ ज्वारी वाहिली, सोनारीच्या जत्रेची माणसं वाहिली. मालक त्याला जपून होते, पण परसात त्यांनी तो पुन्हा कधी आणला नाही.

अम्मा हळूहळू मुलाशी बोलू लागल्या, कामापुरतं. त्यांनी आम्हाला माफ केलं की नाही, मी कधी विचारलं नाही.

एकदा जेवता जेवता मालक थांबले. "फातिहा तर पढला," म्हणाले. "पण भाईजान कुठंतरी जिते असले तर?"

अम्मा आत पडल्या होत्या, जाग्या होत्या. मी एवढंच म्हणाले, "हळू बोला."