मोटारीतल्या घड्याळाचा मुहूर्त

अमरावतीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मिस्त्री राहायचा. तो बोलायचा आपल्याशी, पण पाहायचा त्याच्या जुन्या मोटारीकडे, आणि बोलता बोलता तिच्यावरची धूळ बाहीनं पुसायचा. उन्हाळ्यात तिच्या रेडिएटरचं पाणी उकळे. ते दाखवणारा काटा गाडीत नव्हता आणि नवी तबकडी लावायला हा तयार नव्हता.

"कंपनीनं देल्ली तशीच दिसली पायजे," म्हणायचा.

शेवटी त्यानं गाडीतल्या बंद घड्याळातच तो काटा दडवला. लहान काटा दहावर कायमचा खिळवला. पाणी तापलं की मोठा काटा बारावरून पुढे सरके. हे फक्त मला ठाऊक होतं.

एकदा आम्ही गुरुजींना घेऊन भातकुलीला लग्न लावायला निघालो. निघालो तेव्हा नशिबानं खरोखरच दहा वाजले होते. अर्ध्या वाटेत गुरुजी मागून ओरडले, "अरे, पावणेअकरा! अकराचा मुहूर्त गेला ना!"

माझ्या मनगटावर सव्वादहा होते. ते दाखवायला मी हात उचलला, तर मिस्त्रीनं तो खाली दाबला. गाडी सावलीत लावून त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन निवू दिलं, मग पाणी ओतलं. मोठा काटा हळूहळू मागे बारावर आला आणि घड्याळात पुन्हा दहा वाजले.

"घ्या गुर्जी, मुहूर्त वापस आणला," तो स्टिअरिंगकडे पाहत म्हणाला. "आता कायले घाबरून राहिले?"

लग्न वेळेवर लागलं. तेव्हापासून गुरुजी त्याच्याच मोटारीतून लग्नांना जात, आणि बसण्याआधी घड्याळाच्या काचेवर कुंकवाचं ठसठशीत बोट ओढत. मिस्त्रीची बाही तिथवर जायची आणि परत यायची.