चिनी कौल आणि रिकामी चौकट

ताईला मिळालेला कौल हा कौलच नव्हता, हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही.

आज दातांच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंच्या मोबाईलवर, माझ्याच अ‍ॅपमध्ये, तशीच रिकामी चौकट उमटली, आणि त्यांनी तिला चक्क हात जोडले. मला किळस आली. त्यांची थोडी, माझी जास्त.

प्राचीन चिनी लोक काड्या मोजून कौल घेत. सहा आडव्या रेघा, काही अखंड, काही मधे तुटलेल्या. अशी चौसष्ट चिन्हं. पुढे संगणकवाल्यांनी प्रत्येक चिन्हाला क्रमांक दिला आणि माझ्यासारख्या दीडशहाण्यांनी त्यावर भविष्याचं अ‍ॅप काढलं. माणसांनी शतकानुशतकं भीत भीत विचारलेले प्रश्न, आणि आम्ही त्यांची उत्तरं साबणाच्या जाहिरातींमध्ये कोंबली! फोनमध्ये त्या चिन्हांचा फॉन्ट, म्हणजे ती काढून दाखवणारा अक्षरसंच, नसला, की नुसता क्रमांक पोचतो आणि चिन्हाच्या जागी रिकामी चौकट दिसते. देव नाही, दैव नाही, काही नाही.

ताईला नाशिकला नोकरी लागली होती. जाऊ का, असं तिनं माझ्याच अ‍ॅपला विचारलं.

“बाळ्या, तुझा चिनी देव गप्प बसलाय रे. नुसती चौकट! तिकडे माझं काही नाही म्हणतोय.”

“म्हणत असेल,” मी म्हणालो. ती गेली असती, तर अंथरुणावरच्या आईचं सगळं माझ्यावर आलं असतं.

आई गेली. ताई अजून त्याच घरात आहे, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला माझी हुशारी सांगते. तिच्या फोनमध्ये फॉन्ट नव्हता, एवढं एक वाक्य मी तिला देणं लागतो.