नागसेनची वही आणि माझं लुगडं

आमच्या अमडापुरात कुणाचं नेट गेलं की लोक कंपनीचं नाव घेत नाहीत, नागसेनचं घेतात. "नागसेनले फोन लाव." भाऊराव सायकलवाल्याचा हा पोरगा. बाप बस स्टँडजवळ पंक्चर काढायचा आणि हा शाळेतून आला की घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधायचा. चिखलीला आयटीआय केलं, एका नेटवाल्याकडे लागला, आणि आता मोटारसायकलला शिडी बांधून गावभर फिरतो. गावातली निम्मी तार त्यानंच ओढलेली.

मी चौथी शिकलेली बाई. त्याच्या धंद्यातलं मला काही कळत नाही. पण माणूस कसा आहे ते सांगता येतं, आणि मी त्याच्याशी कशी वागले तेही सांगितलं पाहिजे.

माझी नात अर्पिता पुण्याच्या एका कंपनीचं काम घरी बसून करते. कानाला ते लावून दिवसभर कुणाकुणाला "सर, सर" करते. सासर नाही, ऑफिस नाही, तरी जाच दोन्हीचा. तिच्यासाठी दिवाळीनंतर नागसेननं आमच्याकडे नेट लावलं. खांबावरून काळी तार आणली, स्लॅबवरून नेली, भिंतीला कोपऱ्यात अडकवून खाली उतरवली आणि घरात नेटच्या डबीला जोडली. जाताना मला म्हणाला, "आजी, ह्या तारीत केसाएवढी काच हाय. तिच्यातून उजेड येते. जपा बरं."

मी मान हलवली. मान हलवायला काय लागतं?

महिनाभर बरं चाललं. मग जवळजवळ रोज सकाळी नऊच्या सुमारास डबीवरचा दिवा लाल व्हायला लागला. अर्पिता ओरडायची, "गेलं!" आणि बारा वाजता दिवा आपोआप हिरवा.

नागसेन आला. नेट चालू. डबीची पिन बदलून गेला. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंद. पुन्हा आला, पुन्हा चालू. डबीच बदलली. तिसऱ्यांदा खांबावर चढला, तार कापली, मांडीवर यंत्र घेऊन तो काचेचा केस जोडत तासभर उन्हात बसला. मी पाणी नेऊन दिलं आणि म्हटलं, "अरे, आमच्याच घरात काही बिघाड असंल तं?"

"असंल बी आजी. पण आमचा बाबा पंक्चर काढताना पहिले आपलंच जुनं ठिगळ पाहे, मंग गिऱ्हाईकाले रस्त्यावरचा खिळा इचारे. खराबी पहिले आपल्या वायरीत पाहा लागते."

त्यानं अर्पिताला एक शाळेची वही दिली. कधी गेलं, कधी आलं, रोज लिहून ठेवायचं.

माझा मुलगा राजकुमार मात्र चिडला. "तू आला का चालू, तू गेला का बंद. हे काय जादू हाय बे?" नागसेन खाली मान घालून शिडी बांधत राहिला. तो गेल्यावर राजकुमार घरात बोलला, "मुद्दाम करून राह्यला हा. मोठा प्लॅन गळ्यात मारासाठी." आणि त्यापुढे त्यानं एक शब्द काढला. तो शब्द नेटबद्दल नव्हता, नागसेनच्या वस्तीबद्दल होता. मी तो इथं लिहीत नाही. तेव्हा मी ऐकून घेतला, हेही तितकंच खरं.

बुधवारी राजकुमारनं नागसेनच्या चिखलीच्या मालकाला फोन करून तक्रार केली. मालक म्हणाला, सोमवारी दुसरा माणूस पाठवतो, याला कामावरून काढतो.

गुरुवारी सकाळी मी अंघोळ करून, माझं लुगडं पिळून स्लॅबवर गेले. माझं नऊवारी मी मशीनमध्ये टाकू देत नाही. ते मशीन त्याचा पिळा करून दोरखंड बनवतं. तर मी नेहमीसारखं लुगडं वाळत टाकलं. खालून अर्पिता, "गेलं!"

कोपऱ्यात थोडं ओढल्यासारखं वाटलं म्हणून मी लुगडं उचललं. थोड्या वेळानं खालून, "आलं, आलं!"

 पुन्हा टाकलं. "गेलं!" पुन्हा उचललं. मी वाळत टाकत होते ते नागसेनच्या त्या काळ्या तारेवर. ताणलेली, स्वच्छ, गंज न येणारी. कपडे वाळवायची जुनी दोरी तुटली तेव्हा मला वाटलं होतं, बरी वलणी आयतीच मिळाली. ओल्या नऊवारीचं वजन तिला त्या कोपऱ्यात वाकवत होतं, आतला उजेड अडवत होतं, आणि बारापर्यंत लुगडं वाळून हलकं झालं की तार सरळ.

आणि नागसेन आला की नेट चालू का? तर त्याची मोटारसायकल गल्लीत वाजली की मी धावत वर जायचे आणि लुगडं-चोळी काढून आत न्यायचे. परका पुरुष वर येणार, त्याच्यासमोर बाईमाणसाचं धुणं लोंबताना बरं दिसतं का?

मी तेव्हाच खाली जाऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. राजकुमार एवढं बोलून बसला होता, मालकाला फोन झाला होता, आणि सगळ्याचं मूळ निघालं आईचं लुगडं. मला लाज वाटली. तीन दिवस मी लुगडं न्हाणीत खुंटीवर वाळवलं. वाटलं, नेट नीट चाललं की हे आपोआप मिटेल.

झालं उलटंच. राजकुमार जेवताना म्हणाला, "पाह्यलं माय? तक्रार केली तं कसं सुतासारखं चालून राह्यलं!" 

रविवारी नागसेन आला, मधे बघायला नेलेली वही घेऊन. चप्पल बाहेर काढून दारातच उभा राहिला. "दादा, ते वही उद्याच्या माणसाले दाखवजा. नऊ ते बारा जाते. सोमवारी जात नाही. असं काऊन होते ते मले नाही समजलं. त्याले समजलं तं बरंच हाय."

सोमवारी माझा उपास असतो. त्या दिवशी मी लुगडं धूत नाही.

ज्यानं कामावरून काढवलं त्याच्याच घरी तो वही द्यायला आला होता. मी उठले, न्हाणीत गेले, खुंटीवरचं लुगडं बादलीत बुडवलं आणि तसंच थेंब गाळत वर नेऊन तारेवर टाकलं. खालून अर्पिता ओरडली. तिघंही धावत वर आले.

"हे पाहा तुमची खराबी," मी म्हटलं.

नागसेननं लुगडं पाहिलं, कोपरा पाहिला. "म्हंजे आजी, मी आलो का तुम्ही हे काढून घेत होत्या?"

"मंग काय तुह्यासमोर लोंबू देऊ?"

तो हसायला लागला. पोट धरून खालीच बसला. अर्पिताही हसली. राजकुमार भिंतीकडे पाहत होता. मी त्याला म्हटलं, "मालकाले फोन लाव. आत्ता. अन् बुधवारी जो शब्द बोलला ना, तो कसा वापस घेतं ते तू पाह्य."

फोन त्यानं लावला, चूक आमच्या घरची होती असं सांगितलं. शब्दाचं काही जमलं नाही त्याला. "चहा घेऊन जाजो," एवढंच म्हणाला.

मग मी नागसेनला उरलेलंही सांगितलं. "मले गुरुवारीच समजलं होतं. मी तीन दिवस गप राह्यली."

त्याचं हसू गेलं. त्यानं वहीची सुरळी केली. "बरं आजी," म्हणाला. चहा न घेता कामाला लागला. तार दोन हात वर उचलून बांधली, आणि डिकीतून जुन्या वायरचा तुकडा काढून खाली माझ्यासाठी घट्ट वलणी ताणली. ओढून पाहिली. "ह्याच्यावर टाका आता. ह्याच्यात काच नाही."

तेव्हापासून आमचं नेट एकदाही गेलं नाही. म्हणून नागसेनचं येणंही नाही. त्याचं काम टिकलं. पण सकाळी गल्लीतून त्याची मोटारसायकल जाते तेव्हा माझा हात अजून वलणीवरच्या लुगड्याकडे जातो. मग मी तो मागे घेते आणि कठड्यापाशी उभी राहते. तो वर पाहत नाही.