हरभऱ्याभोवतीची तार

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांचे. आमच्या घरी सगळे भाजी पिकवणारे. मी कॉलेजात जावं म्हणून सर तीन वेळा वडिलांना भेटायला मळ्यात आले. आज मी अमरावतीत, राजापेठेतल्या एका क्लासमध्ये भौतिकशास्त्र शिकवतो.

आकाशाचे फोटो काढायचा नाद तिथंच लागला, पण राजापेठेच्या उजेडात चांदण्या दिसत नाहीत. सर निवृत्त होऊन अकोल्याकडे शेती बघत होते. "माह्या वावरात ये, अंधारच अंधार हाय," असं ते म्हणाले होते. जानेवारीतल्या एका शनिवारी गेलो. पोचायला दहा वाजले. सरांची झोपमोड कशाला, म्हणून फोन केला नाही.

डोळे अंधाराला सरावावेत म्हणून मी लाल कागद लावलेला टॉर्च वापरतो. त्या उजेडात बांधावर गुडघ्याखाली एक बारीक तार दिसली. कुंपण असेल असं समजून ओलांडली आणि हरभऱ्याच्या मधोमध ट्रायपॉड उभा केला. कॅमेरा ध्रुवाकडे लावला. दर अर्ध्या मिनिटाला तो आपोआप फोटो घेत होता.

बाराच्या सुमारास शेजारच्या वावरातला पंप सुरू झाला. शेतीची लाइन आली होती. सरांच्या पंपाच्या पेटीवरही लाल दिवा लागला. थोड्या वेळानं बांधाशी चर्रकन आवाज झाला, निळी ठिणगी उडाली आणि काहीतरी धपकन पडलं. ओरडलंसुद्धा नाही.

तेव्हा कळलं. वावराच्या चारही बाजूंनी करंट होता, मी आत होतो आणि धक्क्यानं तार कुठं तुटून पिकात पडली असेल, तर ती टॉर्चच्या उजेडातही दिसली नसती. फोन लावला, सरांचा बंद होता. मी ढेकळांवर बसून राहिलो. बॅटरी संपेपर्यंत कॅमेरा खटखट करत होता.

उजाडायच्या आधी सर आले. पेटी बंद करून तार गुंडाळू लागले, तेवढ्यात त्यांना मी दिसलो.

"कोन हाय रे आत?"

"मी, सर."

हातातली तार तिथंच टाकून ते जवळ आले.

"फोन कावून नाई केला?"

"तुमची झोपमोड होईल म्हणून."

"झोपमोडीचं काय घेऊन बसला? मेला असता नं तू, बाप्पा." मग आवाज खाली आला. "रानडुकरं काहीच ठेवत नाईत. सारं शिवार तार लावून राह्यलं, मी एकटाच हावो काय?"

बांधाशी शेजाऱ्याचं कुत्रं पडलं होतं. सरांनी ते पायानं नाल्यात ढकललं. "कोनाले सांगू नको." थर्मासमधला चहा त्यांनी मलाच आधी दिला. निघताना मी नेहमीसारखा त्यांच्या पाया पडलो.

घरी येऊन फोटो पाहिले. एकात खाली, हरभऱ्याच्या उंचीवर, निळा ठिपका होता. चार दिवसांनी पत्र लिहिलं.

सर,
तुमच्यासमोर बोलायची हिंमत झाली नाही, म्हणून लिहितो. कामाला जाणाऱ्या बाया पहाटे त्याच बांधावरून जातात. एखाद्या दिवशी तुम्हाला उठायला उशीर झाला तर? रविवारी मी येतो, आपण दोघं मिळून तार काढू. हंगाम संपेपर्यंत शनिवार-रविवारची राखण मी करीन. नुकसानीचा अर्ज वनखात्याला मीच लिहून देतो. पण त्यानंतर तार दिसली, तर मी वीज कार्यालयात जाऊन तुमचं नाव सांगेन. ती वेळ माझ्यावर आणू नका.
तुमचा विद्यार्थी