बिलातले शंभर रुपये

बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन नागपूरला झालं, तेव्हा मी वैयक्तिक कर्ज काढलं. मी लाखनीला शाळेत शिकवते, पगार बरा आहे; तरी त्या कर्जाचं व्याज पाहून डोळे पांढरे झाले. बाबांना त्याहून जास्त लागलं. धानाच्या गिरणीत उभी हयात काटा सांभाळलेला माणूस. "माह्यापायी पोरगी बुडून राहिली," म्हणायचे आणि दूध नको, फळं नको. तपासणीला चला म्हटलं, की "कायले खर्च?" गोळ्याही एक दिवसाआड घ्यायला लागले, तेव्हा मी ठरवलं, हे कर्ज लवकरात लवकर फेडायचं.

युक्ती शाळेतल्या एका बाईंनी सांगितली. घरखर्च क्रेडिट कार्डावर करायचा. बिल भरायला महिना-दीड महिना मिळतो, तेवढे दिवस व्याज नाही. तोवर हातातला पगार कर्जात आगाऊ भरायचा, म्हणजे मुद्दल घटतं आणि व्याजही. अट एकच, बिल वेळेवर आणि पूर्ण भरायचं. फायदा काही डोंगराएवढा नव्हता, पण होता.

आमच्या नेहमीच्या किराणा दुकानात कार्ड चालत नव्हतं. तिथलं बाबांचं उधारीचं खातं मी एका फटक्यात मिटवलं आणि सामान हायवेवरच्या मोठ्या दुकानातून आणू लागले. बाबांचं रोजचं त्या दुकानात जाणं थांबलं. त्यांना रिकामं वाटू नये म्हणून बिलाचे पैसे बँकेत भरायचं काम मी त्यांना दिलं. कडक इस्त्रीचा शर्ट घालून जायचे.

पुढचं बिल आलं ते व्याजासकट. शंभर रुपये कमी भरले होते, आणि तेवढ्यामुळे बिनव्याजी सवलत गेली, सगळ्याच खरेदीवर व्याज चढलं. माझं डोकंच फिरलं.

"बाबा, पैसे कमी कसे पडले?"

"पडले नाही वो, मीच मागं ठेवले. ते पाह्य, फडताळात हायेत."

"पण काहून?"

"पूर्ण कसे देऊ? सारं मिटवून तर गाव सोडनारा जाते. दुकानात मी जनमभर दहा-वीस रुपये बाकी ठेवले. दुकानदार बी समजते, हा मानूस उद्या येते म्हनून."

मला राग आला होता आणि हसूही आवरेना. "बँकेले बी वाटते तुम्ही उद्या यावं," मी म्हणाले, "पण ते त्याचेच पैसे घेते!"

त्यानंतर बाबा पै न पै भरू लागले. बँकेतून आले की मात्र शर्टही न बदलता खाटेवर पडून राहायचे. मला वाटायचं, उन्हाने थकले असतील.

शेवटी एकदाचं कर्ज संपलं. मी पेढे आणले. बाबांनी अर्धा पेढा तोंडात टाकला आणि अगदी शांतपणे म्हणाले, "चला. आता कोनाचंच काही देनं नाही राहिलं. मी मोकळा झालो."

त्यांनी चार दिवस निवांत जगावं म्हणून मी हा सगळा खटाटोप केला होता, आणि हा माणूस निघायची तयारी करून बसला होता. मला रडूच यायला लागलं.

संध्याकाळी त्यांना घेऊन त्या जुन्या किराणा दुकानात गेले. कित्येक महिन्यांत ते तिकडे फिरकले नव्हते. दुकानदाराने स्टूल पुढे सरकवला. मी साखर घेतली, चहापत्ती घेतली, पोहे घेतले. पैसे मोजून दिले आणि पर्स बंद केली.

"वीस रुपये कमी हायेत, बाई," दुकानदार म्हणाला.

"राहू द्या बाकी. उद्या बाबा आणून देतील."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग दुकानदाराकडे वळून म्हणाले, "उद्या नाही जमत गा. उद्या तपासनीले जाचं हाये मले. परवा आनतो."