ठिबकच्या नळीचा मुकुट

मी लग्नांचं शूटिंग करणारा माणूस. एरंडोलजवळच्या आमच्या गावात कुणाच्याही घरी हळद असो, मी कॅमेरा घेऊन हजर. उरलेल्या वेळात मित्रांना जमवून अहिराणीत विनोदी फिल्मा करतो आणि मोबाइलवर टाकतो. पार साक्रीच्या बाजारातली माणसं त्या बघून हसतात, म्हणून माझ्या डोक्यात थोडी हवा गेलेलीच असते. तरी त्या वर्षी मला हसू येत नव्हतं, संताप येत होता.

कारण आमचे नाना, माझे सख्खे चुलते. दिवस उजाडला की त्यांच्या मोबाइलवरून गावाला मेसेज सुरू. ‘त्यांच्या’कडून भाजी घेऊ नका, फळ घेऊ नका, बांगडी भरू नका. नाना रोज वाचायचे, पुढे पाठवायचे आणि मोठं काम केल्यासारखे चहा प्यायचे. मी भांडून पाहिलं. नाना भांडणात कुणाला ऐकतात? मग घरात ठरलं की नानांच्या नातीच्या लग्नात बांगड्या जळगावच्या दुकानातून, डब्यात बंद आणायच्या. अक्काला बोलवायचं नाही.

अक्का म्हणजे आमच्या गावची बांगड्या भरणारी, मणियारांच्या घरची, मुसलमान. नानांच्या बायकोचा चुडा तिने भरला, त्यांच्या लेकीचा तिने भरला. आमच्याकडे चुडा भरून झाला की नवरी बांगड्या भरणाऱ्याच्या पाया पडते, मग तो कुठल्याही जातीचा असो. या वेळी मात्र तिला निरोपच गेला नाही. ती कुणाला काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला सोपं गेलं असतं.

मग मी एका हुकूमशहाची फिल्म लिहिली. रोल नानांना दिला. तरुणपणी ते आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, राक्षसाचं सोंग घ्यायचे, आवाज अजून खणखणीत. ठिबकच्या नळीचा मुकुट केला, सोफ्यावरची जरीची चादर खांद्यावर टाकली. संवाद मी स्वतः रचलेच नाहीत, नानांच्याच मेसेजमधून जसेच्या तसे उचलले. नाना वाचून खूश. म्हणाले, "भारी लिखं रे!" आपलीच टिंगल चालली आहे हे त्यांना कळेना. ते इतक्या गंभीरपणे बोलायचे की कॅमेऱ्यामागे आम्ही तोंडात रुमाल कोंबायचो.

फिल्ममधला हुकूमशहा फर्मान काढतो की राज्यात वाकडं काही चालणार नाही, म्हणून केळी सरळ करा. शिपाई बागेत पट्टी घेऊन घडांना दमदाटी करतात. दुसरं फर्मान, परक्या हाताने बांगडी भरायची नाही. तेव्हा राजकन्येचा चुडा खुद्द हुकूमशहा भरायला बसतो. राजकन्या झाली होती नानांची तीच नात.

शूटिंगला काचेच्या बांगड्या लागल्या, त्या अक्काकडूनच आणल्या. "शूटिंगपुरतं चालेल," असं नानांनी मोठ्या मनाने सांगितलं. आपला माल फुकट फुटू नये म्हणून अक्का स्वतः येऊन बाजूला बसली. कॅमेरा सुरू झाला. नानांनी एक बांगडी फोडली, दुसरी फोडली, पोर कळवळली. अक्काला राहवेना. ती सरळ कॅमेऱ्याच्या चौकटीत घुसली.

"सरका नाना, पोरना हात तोडी टाकशात!"

पोरीचा पंजा तिने हातात घेतला, बोटं दाबली, आणि बोलता बोलता चुडा भरला. मी कॅमेरा बंद केला नाही. चुडा भरून झाला, पोर तशीच बसलेली, कारण स्क्रिप्टमध्ये पुढे काही नव्हतं. आणि मुकुट घातलेले नाना तिच्यावर खेकसले, "अवं, पाया पड ना अक्काना!"

पोर पाया पडली. मग सगळ्यांना एकदम उमजलं की हुकूमशहानेच आपलं फर्मान मोडलं, आणि असा हशा पिकला की मुकुट खाली पडला. शेवट मी तोच ठेवला.

हिवाळ्यात शेतात भरीत पार्टी ठेवली. वांगी भाजून होईतो पडदा लावला. केळ्यांचा प्रसंग आला तेव्हा नानाही हसले. मग लोक त्यांच्याच वाक्यांवर पोट धरून हसायला लागले, तसे ते उठून उभे राहिले. मला वाटलं, आता प्रोजेक्टर फुटतो. शेवट झाल्यावर ते माझ्याजवळ आले.

"मी असाच बोलस का रे?"

"शब्द तुमनाच शेतस, नाना."

त्यांनी पत्रावळ बाजूला सारली. भरीत त्यांनी खाल्लं नाही.

चुड्याच्या दिवशी जळगावचा डबा उघडून बायका बसल्या होत्या. नाना मला म्हणाले, "गाडी काढ." आम्ही अक्काच्या दारात गेलो. ती उंबऱ्यावर बांगड्या निवडत होती. उठली नाही. तिने मान वर करून विचारलं, "काय नाना, हुकूम शे का?"

"हुकूम नही, अक्का. इनंती शे."

ती आत गेली आणि पेटी घेऊन आली.

चुडा भरला. नात मुद्दाम हलेना, नानांकडे बघत बसली. सगळ्या बायका वाट बघत थांबल्या.

"बोला ना नाना, तुमना डायलॉग," अक्का म्हणाली.

नाना बोलले. आवाज फाटला, पण बोलले. पोर पाया पडली आणि घर हसलं. अक्का पदर तोंडाला लावून हसत होती.

लोक त्या फिल्मबद्दल माझं कौतुक करतात. मी उपकार मानतो ते नानांचे. गाव आपल्याला हसलं, हे पोटात घालून ते त्या दारात गेले. मला ते जमलं असतं असं वाटत नाही. मुकुट अजून त्यांच्या खुंटीला टांगलेला आहे.